अंध खेळाडू आणि बुद्धिबळाचें कोडें

वर्तमानपत्रांत छापलेलें बुद्धिबळाचें कोडें बहुतेकांनीं पाहिलेलें असतें. चौसष्ट घरांचें लहानसें चित्र, त्यांत पांचसात मोहरीं, आणि खालीं एकच ओळ: ‘पांढऱ्यानें खेळून तीन खेळ्यांत मात करावी.’ डोळस वाचक चहाचा पेला हातांत घेऊन त्या चित्राकडे घटकाभर पाहतो, आणि उत्तर सुचलें तर त्याचा दिवस बरा जातो. परंतु तोच कागद एखाद्या अंध खेळाडूच्या हातीं दिला, तर त्याच्या बोटांना काय सांपडतें? नुसता गुळगुळीत कागद! कोडें तेथेंच असतें, तें सोडविण्याची बुद्धि तेथेंच असते, हौसहि असते. मध्यें उभी असते ती केवळ शाईची भिंत.

अशीं कोडीं मुंबईला आजकालचीं नाहींत. १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर मुंबईंतच छापून निघालें. शिकणाऱ्याच्या अभ्यासासाठीं डावांतील निवडक अडचणीचे प्रसंग त्यांत मांडलेले आहेत. तेव्हांपासून आजपर्यंत कोडीं वाढत गेलीं. पण अंधांच्या वाट्याला त्यांतलीं किती आलीं, आणि जीं आलीं तीं ते कशीं सोडवितात, याचा विचार क्वचितच होतो. नभोवाणीच्या श्रोत्यांना तर हा विषय परका वाटूं नये. भाषण ऐकतांना श्रोता वक्त्याला पाहत नसतो. त्याच्या मनांत जें कांहीं उभें राहतें तें शब्दांनींच उभें राहतें. अंधांच्या बुद्धिबळाचें रहस्यहि नेमकें तेंच आहे.

प्रथम त्यांचा पट कसा असतो तें सांगितलें पाहिजे. या पटावर काळीं घरें पांढऱ्या घरांहून किंचित् उंच असतात, म्हणून बोट फिरवितांच घराचा रंग कळतो. प्रत्येक घराच्या मध्यभागीं छिद्र असतें आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशीं खुंटी असते. खुंटी छिद्रांत बसली कीं बोटें कितीहि फिरलीं तरी मोहरें जागेवरून हलत नाहीं. काळ्या मोहऱ्यांवर एक विशेष खूण असते. तिच्यावरून हा उंट आपला कीं परक्याचा, हें ओळखतां येतें.

सामन्यांत दोघेहि अंध असले तर दोघांपुढें दोन स्वतंत्र पट असतात. एकानें खेळी केली कीं ती मोठ्यानें उच्चारावयाची. दुसऱ्यानें ती पुन्हा म्हणून दाखवावयाची आणि मग आपल्या पटावर तेंच मोहरें तसेंच हलवावयाचें. डोळसांच्या खेळांत मोहऱ्याला हात लावला कीं तें खेळावें लागतें. अंधाला तर पट पाहण्यासाठींच हात लावावा लागतो! म्हणून त्याच्या बाबतींत खुंटी छिद्रांतून बाहेर काढली म्हणजेच मोहऱ्याला हात लावला, असें धरतात. दोन पटांवरील मांडणींत फरक पडला, तर दोघांच्या नोंदी ताडून पंच ती दुरुस्त करतो.

उच्चाराचीहि अशीच व्यवस्था आहे. पटाच्या आठ उभ्या ओळी इंग्रजी अक्षरांनीं ओळखल्या जातात. पण बी, सी, डी, ई आणि जी हीं अक्षरें कानाला सारखींच भासतात, आणि खेळीचा उच्चार चुकीचा ऐकला गेला तर सारा डावच बिघडावयाचा. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत या ओळींना माणसांचीं नांवें सुचविलेलीं आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह आणि हेक्टर. आडव्या ओळींना एक ते आठ आंकडे आहेतच. त्यामुळें प्रत्येक घराला एक नांव व एक आंकडा मिळतो.

या सर्व नियमांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. घोड्याची अडीच घरांची चाल बदललेली नाहीं, वजिराचा अधिकार वाढविलेला नाहीं, राजाला कोठें जादा आसरा दिलेला नाहीं. खेळ केसभरहि सोपा केलेला नाहीं. बदललें आहे तें केवळ खेळापर्यंत पोंचण्याचें दार. म्हणूनच अंध आणि डोळस एकमेकांसमोर बसून, कोणी कोणाला सवलत न देतां, हा डाव खेळूं शकतात. असे खेळ फार थोडे आहेत.

हें दार उघडण्यांत ज्यांचा हात होता त्यांपैकीं रेजिनाल्ड बॉनम हे इंग्लंडांतील वूस्टर येथील अंधविद्यालयांत गणित शिकवीत; ते स्वतः अंध होते. त्यांनीं १९३४ सालीं ब्रेल लिपींत बुद्धिबळाचें मासिक सुरू केलें, आणि १९५१ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटनेच्या उभारणींत पुढाकार घेतला. १९६१ सालीं जर्मनींतील मेशेडे येथें अंधांचें पहिलें बुद्धिबळ-ऑलिंपियाड भरलें.

भारतांत ही चळवळ उभी करण्याचें मोठें श्रेय मुंबईचे चारुदत्त जाधव यांच्याकडे जातें. किशोरवयांत दृष्टि गेल्यावर ते या खेळाकडे वळले, स्वतः आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळले, आणि पुढें अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाच्या कार्यांत त्यांनीं स्वतःला वाहून घेतलें. हा महासंघ १९९७ सालीं स्थापन झाला. २००६ सालीं गोव्यांत अंधांची जागतिक स्पर्धा भरली, तर २०१२ सालीं चेन्नईंत ऑलिंपियाड झालें. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्यें चीनमधील हांगचौ येथील आशियाई दिव्यांग क्रीडास्पर्धेंत पूर्ण अंधत्वाच्या गटांत, जलद बुद्धिबळांत, भारताच्या दर्पण इनानी, सौंदर्यकुमार प्रधान आणि अश्विन मकवाना यांनीं सुवर्ण, रौप्य व कांस्य हीं तिन्ही पदकें पटकाविलीं; सांघिक सुवर्णपदकहि भारतालाच मिळालें. त्याच गटांत वृती जैन, हिमांशी राठी आणि संस्कृती मोरे यांनीं महिलांचें सांघिक कांस्यपदक जिंकलें.

पदकांचें कौतुक वर्तमानपत्रांत येतें, तें योग्यच आहे. परंतु पदक जरी सामन्यांत मिळत असलें तरी त्याची तयारी कोड्यांत होत असते. जो खेळाडू रोज चार कोडीं सोडवितो त्याला डावांत मातेची संधि दुरून ओळखूं येते. आणि येथेंच त्या शाईच्या भिंतीचें खरें नुकसान कळतें. डोळस मुलाला हवीं तितकीं कोडीं पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, फोनच्या पडद्यावर सहज मिळतात. अंध मुलाला मात्र तींच कोडीं कोणीतरी शब्दांत उतरवून द्यावीं लागतात. फोन व संगणक आतां अक्षरें मोठ्यानें वाचून दाखवितात, पण चित्रापुढें तेहि पुष्कळदां अडखळतात.

मग अंध खेळाडू काय करतात? ते कोडें बोलून मांडतात, आणि पुष्कळदां अनेकजण मिळून सोडवितात. सामना आणि कोडें यांत हा एक मोठा भेद आहे. सामन्यांत समोरचा मनुष्य प्रतिस्पर्धी असतो. कोड्यांत तो सोबती होतो. शिवाय एका पटावर चौघांनीं एकाच वेळीं हात फिरवावयाचे म्हटलें तर बोटांची गर्दी होते, मोहरीं निसटतात. म्हणून ज्याचा त्याचा पट ज्याच्या त्याच्यापुढें, किंवा पट मुळींच नाहीं. आणि सर्वांना सामाइक असा एकच पट, तो म्हणजे शब्दांचा.

हा पट मांडण्याची सोयीची रीत अशी: आधीं पांढऱ्याचीं मोहरीं सांगावयाचीं, मग काळ्याचीं, त्यांत प्रथम राजा, मग मोठीं मोहरीं, शेवटीं प्यादीं. सांगून झालें कीं ऐकणाऱ्यानें सारी मांडणी परत म्हणून दाखवावयाची आणि शेवटीं मोहऱ्यांची संख्या मोजून ताळा पाहावयाचा. हिशेबांत ताळा जमला नाहीं तर जशी चूक शोधावी लागते, तशीच येथेंहि. कारण एकाच्या मनांत प्यादें पांचव्या घरांत आणि दुसऱ्याच्या मनांत सहाव्या घरांत असेल, तर दोघे दोन निरनिराळीं कोडीं सोडवीत बसतील आणि उगाच वाद घालतील. अंधांच्या एकत्र अभ्यासांत खरा शत्रु विसरणें हा नव्हे. अस्पष्ट बोलणें हा आहे.

उदाहरणादाखल समजा, वाशी, नेरूळ आणि पनवेल येथें राहणारे तीन अंध मित्र रात्रीं जेवणें उरकल्यावर दूरध्वनीवर एकत्र आले आहेत. नवी मुंबई हें नगर त्यांच्या या उद्योगाला अनुरूप आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें तें आखून वसविलें. तेथें वसाहतीचें नांव आणि सेक्टरचा आंकडा सांगितला कीं निम्मा पत्ता झाला. पटावरील घराचा पत्ताहि तसाच, नांव आणि आंकडा. वाशीहून पनवेलला जाणारा अंध प्रवासी सानपाडा, जुईनगर, नेरूळ अशीं स्थानकें मनांत मोजीत जातो. त्याला वाटेचें चित्र लागत नाहीं, क्रम लागतो. हीच संवय आतां त्यांच्या कामीं येणार आहे.

वाशीकरानें आज निवडलेलें कोडें जगप्रसिद्ध आहे. रिचर्ड रेटी या खेळाडूनें तें १९२१ सालीं रचलें. त्यांत मोहरीं अवघीं चार. म्हणून श्रोत्यांनींहि क्षणभर डोळे मिटून तें मनांत मांडून पाहावें. पांढरा राजा हेक्टर-आठवर, म्हणजे पटाच्या अगदीं वरच्या उजव्या कोपऱ्यांत. पांढरें प्यादें सीझर-सहावर. काळा राजा ॲना-सहावर, म्हणजे डाव्या कडेला. काळें प्यादें हेक्टर-पांचवर, आणि तें खालीं पहिल्या ओळीकडे धांवणार. खेळी पांढऱ्याची, त्यानें डाव बरोबरींत सोडवावयाचा आहे. नेरूळकर मांडणी परत म्हणतो, पनवेलकर ताळा पाहतो: दोन राजे, दोन प्यादीं, एकूण चार. जमलें.

प्रथम निराशाच होते. पनवेलकर मोजतो: काळ्या प्याद्याला वजीर होण्यास चार पावलें हवींत, पांढरा राजा त्याच्यामागें सरळ धांवला तर तो दोन पावलांनीं कमी पडतो. नेरूळकर दुसरी बाजू मोजतो: पांढरें प्यादें पुढें सरकवावें, तर काळा राजा बेला-सातवर येऊन त्याला लगेच अडवितो, आणि तें तसेंच ठेवावें, तर तो दोन पावलांत येऊन त्याला मारतो. म्हणजे पांढरा राजा काळ्या प्याद्याला पकडूं शकत नाहीं आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाहि पोंचूं शकत नाहीं. डाव गेला!

तेवढ्यांत वाशीकर विचारतो, “दोन्हीकडे एकदम निघालें तर?” राजानें सरळ खालीं न जातां तिरपें जावें: गुस्टाव्ह-सात, मग फेलिक्स-सहा, मग एव्हा-पांच. तोंवर काळ्याचें प्यादें हेक्टर-चारवर आलें असून त्याचा राजा पांढऱ्या प्याद्याशेजारीं बेला-सहावर उभा आहे. आतां काळ्यापुढें दोन वाटा. त्यानें पांढरें प्यादें मारलें, तर त्यांत त्याचें दुसरें पाऊल खर्च झालें. जीं दोन पावलें पांढऱ्याला कमी पडत होतीं, तींच काळ्यानें प्यादें मारण्यांत घालविलीं! पांढरा राजा फेलिक्स-चार, गुस्टाव्ह-तीन असा वळून हेक्टर-दोनवर त्या प्याद्याला गांठतो. काळ्यानें तसें न करतां आपलें प्यादें पळविलें, तर पांढरा राजा उलट दिशेला डेव्हिड-सहावर जाऊन आपल्या प्याद्याच्या पाठीशीं उभा राहतो, आणि दोघांचेहि वजीर होतात. दोन्ही वाटांनीं डाव बरोबरींत सुटतो.

पनवेलकराचा विश्वास बसत नाहीं. तो पुन्हा मोजतो. हेक्टर-आठपासून हेक्टर-दोनपर्यंत सरळ वाटेनें सहा पावलें. मधल्या एव्हा-पांचवरून वळसा घेऊन तेथेंच आलें तर? गुस्टाव्ह-सात, फेलिक्स-सहा, एव्हा-पांच, फेलिक्स-चार, गुस्टाव्ह-तीन, हेक्टर-दोन, तींहि सहाच! जमिनीवर वळशाची वाट लांब पडते. पटावर राजाला तिरपें पाऊल आणि सरळ पाऊल सारखेंच. या कोड्याची सारी गंमत येथें आहे, आणि अंध मनुष्याच्या दृष्टीनें तिला आणखी एक अर्थ आहे. चित्राकडे पाहणाऱ्या डोळस माणसाला वळसा लांब दिसतो, म्हणून तो त्या वाटेचा विचारच करीत नाहीं. येथें नजर फसते; मोजणी फसत नाहीं. जो मोजून चालतो त्याला ही वाट डोळसापेक्षां कदाचित् लवकरहि सांपडेल.

या तिघांच्या संभाषणांत आणखी एक गोष्ट दिसते. एकानें काळ्याची धांव मोजली, दुसऱ्यानें पांढऱ्या प्याद्याचें भवितव्य तपासलें, तिसऱ्याला दोन्हीं एकत्र करण्याची युक्ति सुचली, आणि शेवटीं पहिल्यानेंच तिची फेरतपासणी केली. नुसतें ‘मला दिसतें आहे’ असें म्हणून येथें कोणाचें भागत नाहीं. प्रत्येक खेळी नांवानिशीं उच्चारावी लागते, आणि उच्चारतांच ती इतरांच्या परीक्षेला उभी राहते. पटाकडे बोट दाखवून ‘हा इकडे, तो तिकडे’ अशी डोळसांची जी मोघम बोली असते, ती येथें मुळींच चालत नाहीं. त्यामुळें विचारांतील ढिलाई लपून राहत नाहीं.

हें ऐकून कोणी म्हणेल, ‘अंधांची स्मृति दैवी असते, आमच्यासारख्यांना हें साधणार नाहीं.’ हा समज प्रेमाचा असला तरी बरोबर नाहीं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनीं, डोळे बांधून म्हणजे पट न पाहतां खेळणाऱ्या डोळस खेळाडूंचा अभ्यास करून १८९४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या खेळाडूंच्या मनांत पटाची हुबेहूब तसबीर असावी, अशी कल्पना सहज होते. पण निष्णात खेळाडू मोहऱ्यांचा रंग-आकार पाहत नसून, कोण कोणाला धरतो, कोण कोणाला अडवितो, हे संबंध मनांत वागवितात, असें बिने यांना आढळलें. १९७३ सालीं अमेरिकेंत चेस आणि सायमन यांनीं खऱ्या डावांतील मांडणी कांहीं सेकंद दाखविली, तेव्हां निष्णात खेळाडूंनीं ती नवशिक्यांहून कितीतरी चांगली परत मांडली. पण मोहरीं वाटेल तशीं विखुरतांच त्यांचें श्रेष्ठत्व जवळजवळ नाहींसें झालें. म्हणजे ही शक्ति जन्माची देणगी नव्हे. अर्थ ओळखण्याच्या अभ्यासाचें तें फळ आहे.

रेटीचेंच उदाहरण घ्यावें. १९२५ सालीं ब्राझिलमधील सांव पाउलो येथें त्यानें पट न पाहतां एकाच वेळीं २९ डाव खेळून त्या काळचा विक्रम केला. त्यानंतर निघतांना तो आपली पिशवी विसरला, आणि कोणी आठवण करून देतांच आपली स्मरणशक्ति फार वाईट असल्याचें म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यांतलें मर्म खरें आहे. डाव लक्षांत राहतो, कारण त्यांत संबंध असतो. पिशवी राहत नाहीं, कारण तिच्यांत तो नसतो.

तेव्हां अंध खेळाडूला हवें आहे तें काय? कौतुकाची टाळी नव्हे, आणि सोपा केलेला डाव तर नव्हेच. त्याला हवें आहे कोडें, डोळसाला मिळतें तेंच आणि त्याच दिवशीं. त्यासाठीं खर्च तरी केवढा? चित्राखालीं एक ओळ अक्षरांत छापावी: पांढऱ्याचा राजा अमुक घरांत, प्यादें अमुक घरांत, काळ्याचा राजा अमुक घरांत. तेवढी ओळ असली कीं अंध वाचकाचा फोन ती वाचून दाखवील, ब्रेलमध्यें ती उतरवितां येईल, आणि शाळेंतला एखादा डोळस मुलगा आपल्या अंध मित्राला ती न अडखळतां वाचून दाखवूं शकेल. ज्या शाळांतून बुद्धिबळाचे वर्ग चालतात तेथें शिक्षकांनीं खेळी हातानें दाखवितांना ती तोंडानेंहि म्हणावी. वर्गांत एकहि अंध मूल नसलें तरी म्हणावी. तिनें डोळस मुलांचाहि विचार स्वच्छ होईल.

आणि ज्या श्रोत्यांनीं मघां डोळे मिटून तीं चार मोहरीं मनांत मांडलीं असतील, त्यांना या सर्वाचा पुरावा निराळा द्यावयास नको. पांढरा राजा कोपऱ्यांतून निघून एव्हा-पांचवर कसा आला, हें त्यांनीं पट न पाहतां जाणलें आहे. घरांतल्या कोणाला आज रात्रीं तें कोडें नुसतें बोलून घालावें, आणि त्याच्याकडून मांडणी परत म्हणवून घेण्यास विसरूं नये.